मीठवाला मूळपुरुष

“सूनबाई, तुम्हाला कानडी नुसतं बोलता येतं, की वाचलेलं समजतंही?”

मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, हे विचारलं तेव्हा मी चुलीपुढे भाकरी थापत होते. लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि तेवढ्यात माझ्या कानडीची चौकशी घरात कुणी केली नव्हती. चुकून एखादा शब्द निसटला तर सासूबाई म्हणायच्या, “इथं नको बाई तुझं यंडुगुंडू. म्हशी बिचकतात.”

“समजतं मामंजी. अथणीला सातवीपर्यंत कानडी शाळेतच होते.”

“मग भाकऱ्या राहू द्या. हात धुऊन बाहेर या. हेळवी आलाय.”

हेळवी म्हणजे कोण, ते आताच्या मुलांना सांगावं लागतं. हे लोक कर्नाटकातून बैलांवर बिऱ्हाड घालून यायचे. कधी पाच वर्षांनी, कधी वीस. प्रत्येकाची गावं ठरलेली, घरं ठरलेली. त्यांच्याजवळच्या लाल फडक्यात बांधलेल्या वहीत घराण्याची वंशावळ असायची : मूळपुरुष कोण, कुठून आला, देवक कोणतं, कुणाला मुलगे किती. जुनी नावं वाचून दाखवायची, नवी चढवायची, शिधा घ्यायचा आणि पुढच्या घरी जायचं.

आमच्या डोंगरबोरगावात हेळवी त्याआधी आला होता सत्तेचाळीस साली. मामंजी तेव्हा परगावच्या शाळेवर होते. त्यांच्या वडिलांनी वंशावळ ऐकली, हेळव्याला घोंगडी दिली आणि ऐकलेलं सगळं दुसऱ्या दिवशी विसरून गेले. या गोष्टीचं शल्य मामंजींना एकोणीस वर्षं होतं.

कारण मामंजी जाधवांचा कुलवृत्तांत लिहीत होते. हेडमास्तर म्हणून निवृत्त झाल्यापासून त्यांचं दुसरं काही चाललं नव्हतं. अकरा वह्या भरल्या होत्या. आमच्या तालुक्यात ‘ओ जाधव’ अशी हाक मारली तर अर्धी एस.टी. मागं वळायची, आणि मामंजींच्या मते ती अर्धी एस.टी. एकाच रक्ताची होती. सगळे जाधव देवगिरीचे, राजघराण्यातले. कंडक्टर जाधव निघाला की त्याला थांब्यावर चहा मिळे. तहसील कचेरीतला शिपाई जाधव निघाला तर पत्र जाई : ‘आपण एकाच वृक्षाच्या फांद्या.’ गावातच बैलांच्या खुरांना पत्र्या मारणारे जाधव होते, गावकुसाबाहेरही जाधवांची पाच घरं होती. त्यांचं मात्र वह्यांत काही नव्हतं. “ते निराळे,” मामंजी म्हणत. कसे निराळे, ते बाराव्या वहीत येणार होतं.

आणि त्या सहासष्ट सालच्या पौषात या देवगिरीपायी घरात चूल धड पेटत नव्हती.

माझी नणंद शालन वीस वर्षांची. दोन कोसांवरच्या शाळेत शिक्षिका. त्याच शाळेतल्या हिंदुराव नावाच्या मास्तरांशी तिला लग्न करायचं होतं. मुलगा निर्व्यसनी, घर खाऊनपिऊन सुखी, कृष्णाकाठचं. दोष एकच. आडनाव जाधव.

“जाधवाची पोर जाधवाला?” मामंजी जेवता जेवता ताटावरून उठले होते. “देवगिरी एक, देवक कळंब तेही एक, रक्त एक. तो तुझा भाऊ आहे!”

“भाऊ आहे तर इतकी वर्षं दिवाळीला ओवाळून घ्यायला का आला नाही, आबा?”

“शालन!”

“नाही, विचारते आपलं. ओवाळणी थकलीय म्हणून.”

बाप-लेकीचं त्यानंतरचं बोलणं माझ्यामार्फत चालू झालं. मामंजींनी विट्याचं एक स्थळ आणलं. बिजवर, चाळिशीचा, पण आडनाव मोहिते. माघातल्या पंचमीला सुपारी फोडायची ठरली. शालन आडावर पाणी शेंदताना मला म्हणाली, “वहिनी, पंचमीला मी सकाळी शाळेत जाईन ती परत यायची नाही.”

“पळून जाणार?”

“पळून कशाला? एस.टी.नं जाईन.”

“आणि मामंजी?”

तिनं घागर भरली, काखेत घेतली, आणि तेव्हा कुठे तिचे डोळे भरले. “आबा मला मेली म्हणतील. म्हणतील म्हणजे म्हणतीलच. तुला माहितीयत ते. एकदा बोलले की स्वतःलाही सोडवून घेता येत नाही त्यांना.”

ते खरं होतं. मामंजी वाईट नव्हते. तत्त्वाचे होते, आणि घरात तत्त्वाचा माणूस असला की इतरांना जपून वागावं लागतं.

अशात हेळवी आला.

सिद्राम हेळवी साठीचा असेल. बारीक, काळा, कानात बाळी, नाकावर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. सोप्यात घोंगडीवर पूर्वेला तोंड करून बसला होता. समई लावलेली. मामंजी समोर पाटावर, मांडीवर कोरी वही, हातात पेन.

“मास्तर, रीत सांगतो,” सिद्राम स्वच्छ मराठीत म्हणाला. “वही उघडी असेतोवर माझ्या तोंडातनं कानडीच निघणार. लिहिलंय तसं वाचणार. मिटल्यावर तुम्हाला सगळं मराठीत समजावून सांगतो. आमच्या बापजाद्यांपासनं असंच आहे.”

“मिटल्यावर सांगितलेलं चालायचं नाही,” मामंजी म्हणाले. “ते झालं तोंडी. दुय्यम साधन. मला वाचताना, ओळीगणिक हवं. ही आमची सूनबाई. ही अथणीची आहे. तुम्ही ओळ वाचा, ही सांगेल, मी लिहीन. अस्सल ते अस्सल.”

सिद्रामनं माझ्याकडे बघितलं. “बरं,” म्हणाला. “पण एकदा या उंबऱ्यात वही मिटली की याच उंबऱ्यात पुन्हा उघडत नाही. पुढच्या खेपेलाच. तेव्हा अक्का, सांभाळून सांगा.”

सासूबाई जात्यापाशी टेकल्या. माझे यजमान मिरजेला रेल्वेत, ते घरी नव्हते. शालन मधल्या दारात सूप घेऊन उभी होती. सुपात काही नव्हतं, तरी पाखडत होती.

त्यानं फडकं सोडलं. गणपतीला नमस्कार, बसवण्णाला नमस्कार, गावच्या भैरोबाला नमस्कार. मी सांगत गेले, मामंजी लिहीत गेले. मग ‘डोंगरबोरगावच्या जाधवांच्या घरची ही पानं’. तेही लिहिलं. मग त्यानं एक लांबलचक मजकूर संथ, गाण्यासारख्या आवाजात वाचला आणि थांबला.

“काय म्हणतात?” मामंजी पुढे झुकले.

मी दारातल्या शालनकडे बघितलं.

“सूनबाई?”

“पुन्हा एकदा वाचायला सांगते,” मी म्हणाले, आणि कानडीत तसं सांगितलं. त्यानं पुन्हा वाचलं. तितक्याच संथपणे. दारातलं सूप थांबलं होतं.

“मूळपुरुष बसाप्पा,” मी म्हणाले.

मामंजींचं पेन उचललेलंच राहिलं. “कोण?”

“बसाप्पा. घाटाखालनं बैलांवर मीठ लादून वर आणायचा. अकरा बैल होते त्याचे. गावोगाव मीठ विकत जायचा. एका दुष्काळात नऊ बैल मेले, तेव्हा तो इथं अडकला. गावच्या जाधव पाटलांनी खोपट घालायला जागा दिली. कुणी विचारलं, कुणाचा रे तू, की तो म्हणायचा, जाधवांचा. तेच पुढं आडनाव झालं.”

“अगं बया,” सासूबाई म्हणाल्या. “मीठवाला?”

“त्याआधीचं आडनाव?” मामंजींचा आवाज वर्गातल्यासारखा कोरडा झाला होता.

“नाही त्यात.”

“मुलूख?”

“कानडी होता की तेलंगी, तेही नाही. मिठाच्या बैलांमागनं आला, एवढंच आहे.”

“देवक?”

“मूळचं रुई. कळंब इथं आल्यावर पाटलांचं बघून घेतलं.”

सिद्राम चष्म्यावरून माझ्याकडे बघत होता. त्याचं बोट ज्या ओळीवर होतं तिथून हललं नव्हतं. वही उघडी होती. त्याला मराठीत बोलता येत नव्हतं. आणि मामंजींना कानडी येत नव्हतं. मी दोघांच्या मधे घामानं भिजून बसले होते.

“पुढं वाचा,” मामंजी म्हणाले.

पुढची नावं त्यानं वाचली, मी सांगितली. खापरपणजा, पणजा, आजा, चुलत आजे. ती मामंजींना पाठ होती तशीच्या तशी निघाली. एका चुलत्याचं लहानपणीच गेलेलं मूल होतं, तेसुद्धा. जसजशी खालची नावं जुळत गेली तसतसा वरचा बसाप्पा पक्का होत गेला, हे मला मामंजींच्या खांद्यांवरून दिसत होतं. ते खाली खाली येत होते.

वही मिटली. फडकं बांधलं. समई शांत केली. आता सिद्राम काय बोलतो म्हणून मी जमिनीकडे बघत राहिले.

“हिनं सांगितलं ते बरोबर आहे?” मामंजींनी विचारलं. आयुष्यभराची सवय. उत्तरपत्रिका दोनदा तपासायची.

सिद्राम गुडघ्यांवर हात टेकून उठला. “मास्तर, अक्कांचं कानडी फार सुरेख आहे. आमच्यातल्या बायकांनासुद्धा असं येत नाही.”

मामंजींनी मान हलवली आणि वहीच्या तळाशी लिहिलं : वाचणार सिद्राम हेळवी. भाषांतर सौ. वत्सला. मग तारीख घातली आणि सही केली.

चार दिवस ते एस.टी.च्या थांब्यावर गेले नाहीत. सासूबाई कुजबुजायच्या, “काय त्या मेल्या हेळव्याला बुद्धी झाली! दुसऱ्यांना कसे राजे सांगतो.” पाचव्या दिवशी मामंजींनी मला सोप्यात बोलावलं. पुढ्यात अकरा वह्यांची चळत.

“सूनबाई, या अकरा वह्यांत एक ओळ अशी नाही की जिला पुरावा आहे. सगळं ऐकीव. पुरावा आला तो हा एकच. आणि आलेला पुरावा आवडला नाही म्हणून नाकारायचा नसतो. पस्तीस वर्षं पोरांना हेच शिकवलं. शालनला बोलवा.”

शालन आली. दहा-बारा दिवसांत बाप तिच्याशी पहिल्यांदा समोरासमोर बोलत होता.

“तू म्हणतेस तो मुलगा जाधव आहे. आपण मूळचे जाधव नाही. देवकही निराळं. तेव्हा माझ्या हरकतीला आधार उरलेला नाही.”

“म्हणजे हो की नाही, आबा?”

“म्हणजे हो,” मामंजी म्हणाले. दाढ काढून घेताना माणूस जसा आवाज करतो तसा.

विट्याच्या स्थळाला त्यांनी स्वतः पत्र घातलं आणि त्यात आपण मीठवाल्याचे वंशज असल्याचं स्पष्ट लिहिलं. ‘पुढे आपणास फसवल्यासारखे वाटू नये.’ उलट टपाली उत्तर आलं की यंदा मुहूर्त जमत नाही.

मग ते हिंदुरावांच्या गावी निघाले. मला बरोबर घेतलं. साक्षीला.

हिंदुरावांचे वडील ज्योतीराव म्हणजे तालमीत मुरलेला माणूस. मांडीएवढे दंड. गूळ-पाणी झालं, पान झालं. भिंतीवर देवादिकांच्या तसबिरींच्या रांगेत एक पत्र चौकटीत बसवून लावलं होतं. अक्षर मी लांबूनच ओळखलं.

“ते काढा,” मामंजी म्हणाले.

“का? गेल्या साली तुम्हीच धाडलं. ‘आपण एकाच देवगिरीच्या वृक्षाच्या फांद्या.’ पाव्हणे येतात, वाचतात. चांगलं दिसतं.”

मामंजींनी सगळं सांगितलं. बसाप्पा, बैल, दुष्काळ, रुई. एकही गोष्ट गाळली नाही की मऊ केली नाही. ज्योतीराव ऐकत होते आणि मिशीत त्यांचं हसू वाढत होतं.

“म्हणजे मास्तर, आम्ही अजून देवगिरीचेच?”

“असाल. मी माझ्यापुरतं सांगायला आलोय.”

“म्हणजे राजाच्या घरात मीठवाल्याची पोर घ्यायची म्हणता!”

मामंजींचे कान लाल झाले. मला वाटलं, आता उठतील, आणि शालन पंचमीला एस.टी.नं जाईल ती जाईलच. ते उठले नाहीत. पण त्यांचा असा आवाज मी तोवर ऐकला नव्हता.

“ज्योतीराव, देवगिरीच्या किल्ल्यावर पिठलं शिजत असेल ना? की राजे वाराच खात होते? ते पिठलं अळणी खाल्ल्याचं कुठं लिहिलेलं नाही. घाट चढून कुणीतरी वर मीठ आणलं म्हणून खाल्लं. पायांत खडे रुतवत, अकरा बैल हाकत आणलं. माझ्या मूळपुरुषानं मीठ आणलं. तुमच्या मूळपुरुषानं काय आणलं, तेवढं सांगा!”

ज्योतीरावांनी बराच विचार केला.

“खरं सांगू का मास्तर? आम्हाला त्याचं नावच ठावं नाही. राजे होतो हे बी तुमच्या पत्रातनंच कळलं.” आणि मांडीवर थाप मारून ते असे हसले की आतल्या बायका डोकावल्या. “आवाज खणखणीत हाय तुमचा. पोरगी तुमच्यावर गेली असंल तर घर गाजंल आमचं. आणा!”

उठता उठता ते माझ्याकडे वळले. “बाई, त्या वहीत आमच्या घराचं काय नव्हतं ना?”

“नाही,” मी म्हणाले.

परतताना एस.टी.त मामंजी खिडकीशी बसून पुटपुटत होते. मला वाटलं, स्तोत्र म्हणताहेत. कान दिला तर म्हणत होते, “अकरा बैल. एकट्या माणसानं. अकरा बैल.”

हेळव्यांची पालं गावाबाहेरच्या माळावर अजून होती. ती हलेपर्यंत माझ्या जिवात जीव नव्हता. ते निघायच्या आदल्या सकाळी मामंजी मला म्हणाले, “पायली ज्वारी, गूळ आणि माझं उपरणं त्या सिद्रामला देऊन या. गोड बोलून आणखी एक राजा सांगणं त्याला सोपं होतं. खरं वाचलं त्यानं.”

मी गेले. सिद्राम पालापुढे बैलाची शिंगं घासत होता. शिधा घेतला, उपरणं डोळ्यांना लावलं, आणि कानडीत म्हणाला, “अक्का, तुझ्या त्या बसाप्पाचे बैल अकराच होते? बारा नाही?”

“अकरा.”

“वडलांकडचा की आईकडचा?”

मी तिथंच धोंड्यावर बसले.

“वडलांचा आजा,” मी म्हणाले.

अथणीचे आम्ही इंगळे. पण इंगळे हे आम्ही ज्यांच्या खळ्यावर राहिलो त्यांचं आडनाव. लग्न ठरलं तेव्हा आईनं मला देव्हाऱ्यासमोर बसवून शपथ घातली होती, की इंगळे एवढंच सांगायचं, त्याच्या वरचं सासरी मरेपर्यंत बोलायचं नाही. मीठवाल्याची पणती म्हणून कळलं असतं तर देवगिरीच्या घरात मला उंबरा ओलांडू दिला नसता. म्हणून त्या दिवशी सोप्यात, दोघांच्या मधे बसलेली असताना, खोटं रचायला वेळच नव्हता तेव्हा, मी घरचं काढून दिलं. आमच्या आजीनं शंभरदा सांगितलेलं. तोंडात आपोआप आलं.

आणि वहीत काय होतं? वहीत मामंजींची देवगिरी होती. जशीच्या तशी. छत्री, घोडा, तलवार, कळंब. अकरा वह्या भरून ते जे शोधत होते ते एका पानावर होतं, आणि ते त्यांच्यासमोर दोनदा वाचलं गेलं. पुढे हेही होतं, की देवगिरी बुडाल्यावर दोघे भाऊ खाली उतरले. थोरला डोंगरबोरगावात राहिला, धाकट्यानं कृष्णाकाठी गाव धरलं. गावाचं नाव दिलेलं होतं. ते ज्योतीरावांचं गाव.

“मला पाप लागेल का हो?” मी विचारलं. “मामंजींचं खरं मी गिळलं. आणि पोरीला भावकीत दिलं.”

सिद्रामनं हात धुतले, पालात गेला आणि वही घेऊन आला.

“उंबऱ्यात मिटलेली उघडत नाहीत ना?” मी म्हणाले.

“इथं कुठाय उंबरा?” त्यानं पान काढलं. “हे बघ. ही वरची शाई बघ, ही खालची बघ.”

खालची नावं तपकिरी, पुसट. वरचा देवगिरीचा मजकूर काळा, ठसठशीत.

“खालची नावं जुनी. वरचं अक्षर माझ्या आज्याचं. तुझ्या सासऱ्याच्या आज्याला परगावच्या एका पाटलाची मुलगी करायची होती. पाटील म्हणाला, आधी मूळपुरुष दाखवा. माझ्या आज्यानं दाखवला.”

“आणि ते दोन भाऊ?”

“तिकडच्या घरातही त्याच वर्षी लग्न निघालं होतं. तो म्हणाला असेल, एकाच राजात दोन घरं भागतात, तर कशाला दुसरा काढा.”

“मग त्याच्या आधी या पानावर काय होतं?”

“काही नव्हतं. कोरं होतं.”

त्यानं पिठाची खळ कालवली, एक कोरा कागद पानाच्या वरच्या भागावर डकवला आणि तळहातानं दाबून बसवला.

“उद्या माझा मुलगा ही वही घेऊन येईल,” तो म्हणाला. “त्यानं देवगिरी वाचली आणि तुमची पोर त्या घरात नांदत असली, तर खोटा कोण ठरणार? मी. म्हणून सांग नीट. बसाप्पा. बापाचं नाव?”

“ठाऊक नाही.”

“बरं. कुठला घाट?”

मी आजीकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. त्यानं सगळं लिहिलं. वळणदार, संथ, गाण्यासारखं. मग बोरू थांबवून म्हणाला, “सांगणारी म्हणून तुझं नाव घालू?”

“घालतात?”

“नाही घालत.”

“मग नको.”

शालनचं लग्न फाल्गुनात झालं. मामंजींनी देवकाच्या पूजेत रुईच्या डहाळीशेजारी मिठाची वाटी ठेवली. भटजी म्हणाले, असं शास्त्रात नाही. मामंजी म्हणाले, असं वहीत आहे. त्यानंतर दोन्ही घरांत एकही लग्न मिठाच्या वाटीशिवाय झालेलं नाही. शालनच्या सासरी तर आता ती चांदीची असते.

मामंजी आणखी पंधरा वर्षं जगले. ती त्यांची सर्वांत आनंदाची वर्षं. अकरा वह्या माळ्यावर गेल्या आणि बारावीला सुरुवात झाली : ‘मूळपुरुष बसाप्पा’. बैलांना पत्र्या मारणाऱ्या जाधवांच्या ओसरीवर जाऊन ते चहा प्यायला लागले. तुमचे लोक कुठून आले, असं विचारायला. गावकुसाबाहेरच्या पाच घरांतही गेले. तिथल्या म्हाताऱ्या केरबांनी त्यांना विचारलं, “मास्तर, इतकी सालं कुठं होता?” ते त्यांनी वहीत जसंच्या तसं उतरवलं आणि उत्तराची जागा मोकळी सोडली. घाट उतरून कोकणात मिठागरं बघून आले. घाटातल्या एका गावात त्यांना एक नव्वदीचा माणूस भेटला, ज्याच्या आज्यानं बसाप्पाला डोळ्यांनी पाहिलं होतं. पुरावा शोधणाऱ्याला पुरावा मिळतोच. घरी येऊन मला म्हणाले, “सूनबाई, उंच होता म्हणे. आणि आवाज मोठा.” आमच्या आजीच्या सांगण्यात तो बुटका होता.

गेल्या महिन्यात शालनचा नातू हर्षवर्धन माझ्याकडे आला. पुण्याला कॉम्प्युटरवर काम करतो. आजीच्या माहेरचा, म्हणजे आमच्या घरचा, कुलवृत्तांत छापायचं त्यानं मनावर घेतलंय. मामंजींची बारावी वही त्यानं अक्षर न् अक्षर टाइप केली आहे. घाटाचे नकाशे काढलेत. मुखपृष्ठावर अकरा बैल.

“आजी, आता जिवंत असलेल्यांत ते वाचन कानांनी ऐकलेल्या तुम्ही आणि शालनआजी दोघीच. आणि कानडी कळणाऱ्या तुम्ही एकट्या. बसाप्पांबद्दल आणखी काही आठवतं?”

“सगळं सांगितलंय रे. त्यात आहे सगळं.”

“एक गंमत सांगू?” त्यानं लॅपटॉप माझ्याकडे वळवला, जणू मला त्यातलं दिसणार होतं. “मी शोधत शोधत पार अथणीपर्यंत गेलो. तुमच्या गावी. तिथं कुणी इंगळे म्हणून आहेत. शेतकरी लोक, साधे. ते काय म्हणतात माहितीये? बसाप्पा आमचा! अकरा बैल, दुष्काळ, सगळं सेम. मी म्हटलं, लेखी पुरावा दाखवा. तर नाही. म्हणे आमची आजी सांगायची.”

माझं माहेरचं आडनाव या पोराला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. मी चष्मा काढून पदराला पुसत बसले.

“मी तळटीप टाकलीये त्यावर. स्पष्ट लिहिलंय, की हा दावा निराधार आहे आणि आमच्या कुलवृत्तांतावरून उचललेला दिसतो.” तो हसला. “काय लोक असतात ना, आजी? स्वतःचे पूर्वज सापडले नाहीत की दुसऱ्याचे ढापतात.”

“ढापतात बाबा,” मी म्हणाले. “चहा घेणार ना?”